जुळीले ऊन लागत नाही

३ मे, शुक्रवार

आणि वरून मलेच म्हणते, "बाई, आवाज खाली करा." न्हाणी माझी फोडली, फरशा माझ्या गेल्या, पोह्याच्या डब्यापर्यंत सिमेंटची धूळ माझ्या घरात गेली, आणि आवाज बी मीच खाली करू? दुसऱ्यांदा फोडली न्हाणी. पहिल्यांदा फोडली तेव्हा म्हटलं चला, माणूस चुकते. आतून काय निघालं? कोरडी वीट. आज हातोडा घेऊन पुन्हा आले, तीच भिंत दुसऱ्या बाजूनं फोडली. पुन्हा कोरडी वीट. मी त्या विटेवर हात फिरवला आणि महादेवरावच्या तोंडासमोर धरला. हाताले धूळ लागली होती, ओल नाही. म्हटलं, "दाखवा बरं कुठे गळते." त्यानं माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. आपल्या मोबाइलात पाहून म्हणते, "ट्विन दाखवून राहिलं ना बाई. ट्विन चुकत नाही."

भिंत समोर फोडून ठेवली आहे आणि हा माणूस मोबाइलात भिंत पाहते!

महादेवराव म्हणजे आमच्या हरितांगण बिल्डिंगचा सेक्रेटरी. सरकारी नोकरीतून रिटायर झाला तेव्हापासून त्याले हुकूम सोडाले माणसं भेटत नाहीत, म्हणून आम्ही सापडलो. आणि ट्विन म्हणजे खाली ऑफिसात भिंतीएवढा टीव्ही लावला आहे, त्याच्यात आमचीच बिल्डिंग आहे. हुबेहूब. सात मजले, लिफ्ट, गच्चीवरच्या सोलरच्या पाट्या, सगळे पाइप. खऱ्या बिल्डिंगच्या पाइपांवर ठिकठिकाणी छोट्या डब्या बसवल्या, त्या डब्या टीव्हीतल्या बिल्डिंगले सांगतात की कोणाच्या घरी पाणी किती गेलं, वीज किती गेली. ट्विन म्हणजे जुळं म्हणे. मी तिले जुळी म्हणते. ज्याचं घर बरोबर ते हिरवं दिसते, ज्याचं बिघडलं ते लाल. सातव्या मजल्यावर आमचं घर लाल आहे. महिना होत आला, लालच आहे.

मी बोलाले लागली तर म्हणते, "सुखदेवे बाई, तोंडी चालत नाही. काय असेल ते लेखी द्या."

लेखी! चौथी शिकली मी. पण चौथीपर्यंत झोपली नव्हती. संघपालले, म्हणजे माझ्या नवऱ्याले, कळमेश्वरच्या कंपनीतून दरवर्षी डायरी भेटते, ती कोरीच पडते. ती आज मी घेतली. आता सगळं लिहून ठेवते. भांडण तोंडी केलं की लोक म्हणतात बाईचं तोंडच वाईट. कागदाले तोंड नसते.

६ मे, सोमवार

जुळी आली त्या दिवशी मी बी टाळ्या वाजवल्या होत्या, हे लिहून टाकते. मार्चमध्ये. खाली मंडप, सर्वांले आलूबोंडा आणि चहा. नागपूरच्या सदर भागातून, जुळी बनवणाऱ्या कंपनीतून, एक पोरगी आली होती, भूमिका तिचं नाव. भूमिकानं टीव्हीवर बिल्डिंग गोल फिरवून दाखवली. आपला गॅलरीतला दोर दिसते का म्हणून सगळ्या बाया पुढे सरकल्या. पोरगी म्हणे, आता पाणी वाया जाणार नाही, वीज वाया जाणार नाही, बिल्डिंगचं काय दुखते ते दुखाच्या आधीच कळेल. मले ते आवडलं. मागच्या उन्हाळ्यात बोअर आटली तेव्हा टँकरच्या मागे पळता पळता माझी चप्पल तुटली होती.

त्या ऑफिसात जुळीसाठी एसी बसवला. मशीन तापली नाही पायजे म्हणे. वॉचमन बाहेर लोखंडी खुर्चीवर भाजते, आणि जुळी आत गार.

आमच्या घरी सातव्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली, काय असते ते मी सांगते. दुपारी पलंगाच्या दांडीले हात लावता येत नाही. सासू माझी, पार्वतीबाई, खाटेवर. चालता येत नाही तिले आता, पण जीभ धावते. एसी तिले चालत नाही, गुडघे आखडतात. तिले कूलर पायजे. तो बी साधा नाही, मोठा लोखंडी, मागच्या गॅलरीत ठेवलेला, आणि वाळ्याच्या ताट्या पायजेत. वाळ्याचा वास नसला तर म्हणते, "हे काय वं, ओल्या पोत्याचा वास येऊन राहिला." बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी एसी लावले, कूलर आता आमचा एकटा राहिला. इंदुताई दुसऱ्या मजल्यावरच्या, त्या म्हणतात तुमचा कूलर ट्रॅक्टरसारखा वाजते. वाजू द्या.

सकाळी उठली की आधी न्हाणीच्या नळाले पाइप लावून कूलर भरा. जेवण झालं की भरा. दुपारी झापड लागली की बुढी हाक मारते, "वंदना, पंपी कोरडी वाजून राहिली." तिले डोळ्यानं दिसत नाही पण पंपीचा आवाज बरोबर समजते. मग उठा, भरा. संध्याकाळी पुन्हा भरा. त्या टाकीत बोगदा आहे का काय कोण जाणे. तीस वर्षं झाली या बुढीच्या हाकेले उठून राहिली मी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भाकरीले म्हणाली होती, "नकाशा चांगला काढला." ते मी विसरली नाही.

न्हाणीत अजून भोक आहे. बुजवाले कोणी आलं नाही.

९ मे, गुरुवार

आज पाणी बंद केलं.

दुपारी कूलरचा पाइप लावला तर नळातून करंगळीएवढी धार. मोबाइलवर मेसेज होता, शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला. गळती आढळल्यामुळे आपला पुरवठा मर्यादित करण्यात आला आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद. सहकार्य कधी केलं मी? कोणी विचारलं?

पदर खोचला आणि खाली गेली. महादेवराव एसीत बसला होता.

"पाणी काहून बंद केलं?"

"मी नाही केलं बाई. सिस्टिमनं केलं. गळती दिसली की व्हॉल्व्ह आपोआप बारीक होते."

"मग सिस्टिमले म्हणा मोठा कर."

"तसं होत नाही."

"होत नाही का करत नाही?"

मग त्यानं मले लहान पोरीसारखं समजावलं. म्हणे, घरात पाणी जाते तिथे एक डबी, नालीतून बाहेर येते तिथे दुसरी डबी. सगळ्यांच्या घरी जेवढं जाते तेवढं जवळपास परत येते. "तुमच्या घरी जाते भरपूर आणि परत येते अर्धं. बाकीचं कुठे जाते? भिंतीतच जिरत असेल ना?"

"पितो आम्ही."

"एवढं?"

"मग ते बी नालीतच येते ना शेवटी! का आम्ही मुतत नाही?"

वॉचमन बाहेर खुर्चीवरून पडता पडता वाचला. महादेवरावचे कान लाल झाले, टीव्हीतल्या माझ्या घरासारखे. पण माणूस हटला नाही. म्हणे, "बाई, मागच्या वर्षी टँकरच्या खिडकीले तुम्हीच लटकल्या होत्या. हे सगळं त्याच्यासाठीच आणलं. थेंब न थेंब वाचवाले." हे खरं आहे. लटकली होती. म्हणून तर जास्त राग आला. माझ्याच भांडणाची काठी करून मलेच हाणते.

वर आली तर बुढी जागी. "काय झालं वं? पाणी काहून येत नाही?"

म्हटलं, "बंद केलं माय."

"कोणी?"

"मशीननं."

"काय म्हणते मशीन?"

"म्हणते तुमचा पाइप खराब आहे."

तिनं कूस वळवली. मग म्हणाली, "गावात बी कोणी सरळ नाही म्हणत नव्हतं. आम्ही घडा घेऊन गेलो की म्हणत, आज विहिरीचं पाणी खराब आहे वं पोरी, उद्या ये."

मी ओरडली तिच्यावर. म्हटलं कुठलं बी कुठे जोडू नको, हे तसं नाही, ही मशीन आहे, मशीनले जात नसते. तर म्हणते, "हो ना. तवा माणूस तरी समोर उभा राहे."

डोकं फिरवते बुढी. संघपाल कामावरून आला तर त्याले बी तेच ऐकवलं, "काय गा संघपाल, आपलं पाणी बंद झालं म्हणते." तो हात न धुता तसाच खाटेपाशी बसला. मले म्हणे, "तू काहून सांगितलं तिले?" आता नळाले पाणी नाही हे लपवू कसं, नळावर चादर टाकू?

११ मे, शनिवार

बादल्या. इंदुताईच्या घरून लिफ्टनं बादल्या. इंदुताई चांगल्या आहेत, पण पाणी देता देता तोंडानं बी देतात. "वंदनाताई, एवढं करण्यापरीस एसी लावून टाका ना. आम्ही आईले लावून दिला, एका दिवसात सवय झाली." त्यांची आई त्या एसीत गेली मागच्या उन्हाळ्यात. मी बोलली नाही. बादली घ्यायची होती.

स्वयंपाकाले पाणी, बुढीच्या आंघोळीले पाणी, आणि उरलं ते कूलरले. कूलर कधी ओला, कधी कोरडा.

१४ मे, मंगळवार

काल बुढीले ऊन लागलं. घरात. खाटेवर.

महादेवरावनं दुपारी खाली बोलावलं होतं, गळती आमची आहे आणि आणखी तोडफोड झाली तर आमची हरकत नाही अशा कागदावर सही करा म्हणून. मी सही केली नाही, भांडत बसली. वर आली तर कूलरची पंपी कोरडी वाजून राहिली होती आणि पंखा भट्टीसारखी हवा फेकून राहिला होता सरळ तिच्या अंगावर. तिनं हाक मारली असेल. किती मारल्या माहीत नाही. तोंड लाल, अंग तव्यासारखं, डोळे वर. मले ओळखलं नाही. मले म्हणाली, "बाई, पाणी असेल तर वरून टाका, मी भांडं लांब धरते."

मी ग्लास सरळ तिच्या तोंडाले लावला. अर्धं अंगावर सांडलं.

दवाखान्यात सलाईन लावली, बर्फाच्या पट्ट्या ठेवल्या. रात्रीपर्यंत ओळख आली. पहिलं वाक्य काय? "हिच्या हातचा चहा नको, दवाखान्यातलाच द्या." म्हणजे बरी आहे.

डॉक्टरीण म्हणाली, अशा खोलीत परत नेऊ नका, वय पाहा त्यांचं. नणंद देवकी कळमेश्वरवरून आली होती. देवकीनं डॉक्टरणीचं ऐकलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरी पाणीच नसते तर मी नेते मायले." माझ्या घरी पाणी नसते! जसं मी पिऊन टाकलं. संघपाल मान खाली घालून उभा. मी म्हटलं, "ने. ने बाप्पा. मले बी सुटका."

नेली आज. बरं झालं.

१५ मे, बुधवार

घर शांत आहे. कोणी हाक मारत नाही. दुपारी अंग टाकलं, डोळा लागला नाही. एसटीच्या स्टँडवर झोपल्यासारखं वाटलं.

सकाळी चहा सवयीनं तीन कप झाला. एक मोरीत ओतला. तो बी जुळीनं मोजला असेल.

१६ मे, गुरुवार

आज ती पोरगी आली, भूमिका. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग, कपाळ घामानं ओलं. डॉक्टरसारखं एक यंत्र आणलं होतं, भिंतीले लावते आणि कानात ऐकते. मी म्हटलं ऐक, बाई, ऐक. दोनदा फोडलेली भिंत काय गाणं म्हणते ते ऐक. तिनं सगळ्या भिंती ऐकल्या. न्हाणी, स्वयंपाकघर, बुढीची खोली. कुठेच काही नाही. मग दमली आणि बुढीच्या खाटेच्या काठावर बसली. मी म्हटलं तिथे नको बसू, खुर्चीवर बस.

कूलर चालू होता. बुढी नाही तर काहून चालू ठेवला म्हणेल कोणी. वाळा कोरडा पडला की त्याचा वास जाते, मग नव्या ताट्या आणा लागतात, म्हणून. मी इंदुताईच्या घरची बादली उचलली आणि टाकीत ओतली. पोरगी पन्हं पिऊन राहिली होती. माझ्याकडे पाहत राहिली.

"काकू, हे पाणी कुठे जातं?"

"कुठे जाते म्हणजे? कूलरमध्ये."

"नाही, त्याच्यानंतर."

"त्याच्यानंतर हवेत. तुझ्या तोंडावर गार लागून राहिलं ना? ते काय आहे मग?"

तिनं ग्लास खाली ठेवला. "दिवसातून किती वेळा भरता?"

"बुढी हाक मारते तितक्या वेळा."

ती उठून गॅलरीत गेली. कूलरभोवती फिरली, खाली वाकून पाहिलं, टाकीले नाली आहे का ते हातानं चाचपलं. परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. म्हणे, "काकू, आमच्या मॉडेलमध्ये कूलर नाहीच आहे. आम्ही सगळ्या घरांना एसी धरला. पाणी पिण्याचं, आंघोळीचं, धुण्याभांड्याचं, सगळं शेवटी नालीत येतं असं धरलं. हवेत जाणारं पाणी आम्ही धरलंच नाही. ते गेलं की सिस्टिमला वाटतं भिंतीत गेलं."

मले दोन मिनिटं लागली. मग समजलं. मग भडकली.

"तू कुठची वं?"

"इथलीच. नंदनवनची."

"नागपूरची पोट्टी आणि कूलर विसरली? मे महिन्यात?"

"आजीकडे होता ना काकू. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं त्याच्यासमोर चटई टाकून झोपायचो. समोरच्या जागेसाठी मारामारी व्हायची."

"मग?"

"मॉडेल ऑफिसात बसून बनवलं. तिथे एसी आहे."

डोळ्यात पाणी आलं तिच्या. मी म्हटलं रडू नको, रडलेलं बी नालीत येत नाही, तुझी मशीन आणखी घर लाल करेल. तशी हसली आणि मग खरंच रडली. बुढीचं काय झालं ते मी तिले सांगितलं होतं ना. म्हणे, "खरं तर कूलरला एसीपेक्षा वीज किती कमी लागते काकू. तुमचं घर हिरवं दिसायला पाहिजे होतं." तिथे खाटेवरच बसून तिनं लॅपटॉप उघडला. बसू दिली. म्हणे, बदल मी आज टाकते, तुमच्या सेक्रेटरींनी मंजूर म्हणून बटण दाबलं की व्हॉल्व्ह मोठा होईल. एक बटण.

एका बटणाचं काम. उद्या पाणी येईल. वाळ्याच्या नव्या ताट्या आणून ठेवल्या.

१८ मे, शनिवार

आलं नाही.

काल वाट पाहिली. आज खाली गेली. महादेवराव आज गोड बोलला, तेव्हाच समजलं की काही तरी सडलं आहे. खुर्ची दिली. पंखा माझ्याकडे वळवला, एसी असून.

"बाई, ती मुलगी बोलली माझ्याशी. समजलं मले. तुमची चूक नाही."

"मग दाबा बटण."

"दाबतो. जूनमध्ये दाबतो. समजून घ्या. सत्तावीस तारखेले हरित प्रमाणपत्रवाले तपासाले येऊन राहिले. आपली पहिली बिल्डिंग राहील या भागात. कूलर मंजूर केला की आपला पाण्याचा आकडा वर जाते, नापास होतो. गळती म्हणून राहू दिली तर ते 'दुरुस्ती सुरू' या खान्यात बसते. ते आकड्यात धरत नाहीत."

मी विचार केला. मग विचारलं, "पाणी तर तेवढंच आहे ना?"

"हो, पाणी तेवढंच."

"म्हणजे भिंतीत गळालं तर माफ, आणि बुढीच्या अंगाले गार लागलं तर नापास?"

तो टीव्हीकडे पाहत राहिला. जुळीमध्ये गच्चीपासून बोअरपर्यंत सगळं हिरवं, वर आमचं एकटं लाल. शेवटी म्हणाला, "तुम्ही एसी लावला तर प्रश्नच मिटते बाई. वीज सोलरमधून धरतील." मी म्हटलं तिचे गुडघे सोलरमध्ये बसवता का? तर हळूच म्हणते, "तसंही, आजी आता घरी नाहीत ना."

मी उठून वर आली. नाही आली असती तर आज ही डायरी पोलीस ठाण्यात बसून लिहिली असती.

वाईट माणूस नाही तो. हेच वाईट आहे. बुढी दवाखान्यात होती तर नारळपाणी घेऊन आला होता. खरोखर आला होता. पण बटण दाबाले हात उचलत नाही.

संघपाल म्हणे, "जाऊ दे, पावसाळ्यापर्यंत राहू दे मायले देवकीकडे." मी म्हटलं, "हो, आणि पुढच्या मे महिन्यात तुले ठेवू."

१९ मे, रविवार

कळमेश्वरले गेली. एकटी. देवकीकडे खोली गार आहे, तळमजल्यावरची, मागे कडुनिंब. काही कमी नाही. बुढी बाजेवर बसली होती, वाळली आहे. मी गेली तर तोंड फिरवलं.

"माझ्या खाटेवर कोण झोपते?"

"कोणी नाही."

"कोणी बसते?"

"एक पोरगी बसली होती. कॉम्प्युटरवाली. उठवलं तिले." म्हणजे उठवलं होतं एकदा. दुसऱ्यांदाचं नाही सांगितलं.

देवकीनं कूलर लावला आहे तिच्यासाठी, प्लॅस्टिकचा, छोटा. भरताना अर्धं पाणी कडेनं सांडते तिच्या हातून. बुढी आवाज ऐकून मले म्हणते, "पाहिलं? रोज असंच. तीस वर्षं तुले शिकवलं, हिले कोण शिकवेल आता." देवकी फणकारली, "मग जा ना माय वहिनीकडे!"

"पाणी आलं का?" बुढीनं विचारलं.

मी म्हटलं, "येऊन राहिलं."

"येऊन राहिलं का आलं?"

"येऊन राहिलं."

"मग मी येत नाही. गाव मी कशासाठी सोडलं होतं? बाईच्या जातीनं म्हातारपणी पुन्हा बंद पाण्याच्या घरी जाऊन पडावं? नाही." मग बाजेची दोरी चाचपत म्हणाली, "गुरुवारी पौर्णिमा आहे ना. दर बुद्ध पौर्णिमेले मी आपल्या घरी खीर खाल्ली आहे. देवकी खिरीत वेलची जास्त टाकते."

मी म्हटलं, "माझी खीर तरी कुठे आवडली तुले कधी?"

"आवडत नाही. पण सवय आहे."

येताना बसमध्ये खिडकीतून सगळी झळ आली. डोळे चुरचुरले. गरम हवेनं होते तसं.

निघताना मी तिच्या कानात एक गोष्ट सांगितली. तिले पटली. बाजेवर बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली बुढीनं.

२० मे, सोमवार

आज महादेवरावले लेखी दिलं. तोच म्हणाला होता लेखी द्या. आधी इथे लिहिलं, मग चांगल्या कागदावर उतरवलं. शेजारच्या पोरीनं चुका काढते म्हटलं, मी म्हटलं राहू दे. एक कागद ऑफिसच्या दारावर चिकटवला, एक त्याच्या हातात दिला, एक फोटो काढून भूमिकाले पाठवला. असा आहे कागद.

सेक्रेटरी महादेवराव यांस,

माझ्या घरात गळती नाही. तुम्हाले माहीत आहे. ज्या पोरीनं जुळी बनवली तिले माहीत आहे. फक्त जुळीले माहीत नाही, आणि ते तुम्ही तिले सांगून नाही राहिले.

पाणी वाचवा, मी बी वाचवते. भांडे धुतलेलं पाणी झाडांले घालते. पण माझं पाणी भिंतीत जात नाही, एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावरून हवेत जाते. तुमच्या टीव्हीत सात मजले आहेत, पाइप आहेत, दिवे आहेत. त्या बाईले टाकाले जागा केली नाही. तिले टाका. तिच्यासोबत तिचा कूलर टाका. मग पाणी किती लागते ते तुमची मशीन बरोबर सांगेल. प्रमाणपत्र खरं असेल तर तेवढ्यानं जात नसते, आणि जात असेल तर खोटं होतं.

माझं पाणी पूर्ण चालू करा. माझ्या न्हाणीचं भोक बुजवा. आणि ज्या कागदावर माझ्या सहीसाठी मागे लागले होते तो फाडून मले परत करा.

नाही केलं तर गुरुवारी पौर्णिमेले मी पार्वतीबाईले कळमेश्वरवरून आणते, पण घरी नाही. तिची खाट, तिचा तांब्या आणि खिरीचं पातेलं घेऊन सरळ तुमच्या ऑफिसात, टीव्हीच्या समोर. तिची परवानगी घेतली आहे, ती तयार आहे, खूश आहे. शनिवारपासून नवतपा लागते, वर्षातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, ते संपेपर्यंत ती तिथेच राहील. सत्तावीस तारखेले तुमचे तपासणीवाले आले की तिलेच भेटतील. तिले बोलाले आवडते. विहिरीची गोष्ट सांगेल.

एसी तिच्या गुडघ्यांले चालत नाही, तो बंद ठेवा लागेल. मग तुमच्या जुळीले ऊन लागते का नाही ते आपण सगळे बसून पाहू.

बुधवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पायजे. तोंडी चालत नाही. लेखी द्या.

वंदना संघपाल सुखदेवे
सातवा मजला, लाल घर